गाडी कुरकुरते, लक्ष द्या

शेतकरी बंधूंनो, मुरबाड-शहापूरची भेंडी, काकडी कल्याणच्या बाजार समितीत न्यायची ती पिकअपनेच. बैल लंगडला तर आपण लगेच खूर बघतो. गाडी खडखडली की मात्र टेपचा आवाज वाढवतो! असे करू नका.

खड्ड्यात करकर झाली, तर पाटे कोरडे पडलेत किंवा बुश झिजलेत. मागून खटखट आली, तर यू-बोल्ट आणि शॅकल तपासा. वळताना पुढून टकटक येत असेल, तर बॉल जॉइंटचा संशय धरा. इथे उशीर नको. तो निखळला तर चाकच आडवे होते.

गाडी रिकामी असताना कोपरा दाबून सोडा. झुलतच राहिली किंवा शॉकअपवर तेल ओघळलेले दिसले, तर शॉकअप जोडीने बदला. गाडी एका अंगाला कलली, तर पाटा तुटलाय का बघा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र शिरू नका.

माळशेज उतरून येणाऱ्यांनी तर निघण्याआधीच बघावे. बुशाचे चार पैसे वाचवाल आणि भरल्या गाडीतला माल घाटात सडेल.