मानवी भांडवल कुठे असते?

मानवी भांडवल (माणसाच्या अंगी असलेले ज्ञान, कौशल्य आणि आरोग्य) म्हणजे पदव्या किंवा कामगारांची संख्या, असा समज सर्रास आढळतो. पण भाकरीची कृती कागदावर मावते; थापणारा हात मात्र सरावानेच बसतो.

कारखान्यातही तसेच असते. भिलाईच्या पोलाद कारखान्यात १९५९ पासून झोतभट्टी (खनिजापासून लोखंड वितळवून काढणारी भट्टी) आहे. ती चुलीसारखी हवी तेव्हा विझवता-पेटवता येत नाही. म्हणून २०२० च्या करोना टाळेबंदीतही तिथे जाणते हात लागलेच. २०२१ च्या करोना लाटेत याच कारखान्यातला द्रवरूप ऑक्सिजन रुग्णालयांकडे गेला. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी यंत्रे होती, तशी ती अहोरात्र सांभाळणारी माणसेही होती, हे आवर्जून सांगायला हवे.

असा कामगार आजारी पडला किंवा कंत्राट संपून गावी परतला, तर हजेरीपटावर दुसरे नाव लगेच चढते. त्या नव्या माणसाचा हात बसायला मात्र वर्षे लागतात.