सातबाऱ्यावरचं पिवळं प्रश्नचिन्ह

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा किंवा ई-आधार अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडला की सहीवर अनेकदा पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. कागदच खोटा, असं वाटून लोक तो पुन्हा पुन्हा डाउनलोड करत बसतात. खरं तर सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर भरवसा ठेवायचा का, एवढंच त्या संगणकाला अजून ठाऊक नसतं.

भारतात ही विश्वासाची साखळी ‘सीसीए इंडिया’च्या मूळ प्रमाणपत्रापाशी सुरू होते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार नेमलेला नियंत्रक, म्हणजेच सीसीए, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना परवाना देतो. सहीवर राइट क्लिक करून ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’मधून प्रमाणपत्र उघडावं, साखळीतलं सर्वांत वरचं नाव निवडावं आणि ‘ट्रस्ट’ टॅबमधून ते विश्वासाच्या यादीत घ्यावं. मात्र ‘सीसीए इंडिया’ हे नाव कुणीही बनावट प्रमाणपत्राला देऊ शकतो. म्हणून त्याचा फिंगरप्रिंट, म्हणजे प्रमाणपत्राचा ओळख-कोड, आधी नियंत्रकाच्या संकेतस्थळावरच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहायलाच हवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

सही झाल्यावर मजकूर बदलला गेला, तर मात्र लाल फुली येते. तिथे भरवशाचा प्रश्नच उरत नाही. ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलेल्या प्रतीत तर सहीचं फक्त चित्र राहतं.

सही करणाऱ्यांची अडचण बहुधा सहीची किल्ली ठेवलेल्या यूएसबी टोकनपाशी असते. प्रमाणपत्र यादीत दिसत नसेल तर आधी टोकनचा ड्रायव्हर आणि संगणकाची तारीख तपासावी. पासवर्ड वारंवार चुकला की टोकन लॉक होतं. तेव्हा घाईने ‘इनिशियलाइज’ दाबू नये: आतली खासगी किल्ली कायमची पुसली जाते आणि नवं प्रमाणपत्र काढावं लागतं.