उस्तादांकडून काय शिकावं, काय शिकू नये

दहावीचा निकाल लागला आणि आमच्या भाच्यानं घरात सांगून टाकलं, कॉलेज नको, गाड्यांचं काम शिकायचंय. इंजिनाचं नाही, बॉडीचं आणि रंगाचं. त्याची अम्मी, म्हणजे आमच्या आपा, दोन दिवस कुणाशी नीट बोलल्या नाहीत. शेवटी ठरलं की आधी जाऊन बघू तरी. एका शनिवारी दुपारी जोहरची नमाज झाल्यावर आम्ही तिघं काळाचौकीत, अभ्युदयनगरकडून कॉटन ग्रीन स्टेशनकडे जाताना लागणाऱ्या एका गॅरेजवर पोहोचलो. गॅरेजचे उस्ताद सत्तरीचे. डेंटरही तेच, पेंटरही तेच.

त्यांचा हात बसला तो पद्मिनी टॅक्सीवर. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली, तिलाच पुढं १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं. पत्रा जाड, बंपर लोखंडी. ठोकर लागली की हातोडीनं पुन्हा सरळ व्हायची. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, ती रस्त्यावरून गेली. आताच्या गाडीला प्लास्टिकचा बंपर. फुटला की नवा बसवायचा, ठोकायचं काही उरत नाही. उस्तादांकडे आता येतात ती अब्बांची, आजोबांची जुनी फियाट किंवा जीप पुन्हा उभी करू पाहणारी माणसं. कुणाला छत उतरवून हवं असतं, कुणाला दोन रंग. छताला हात लावायला उस्ताद साफ नकार देतात. कायद्यानं गाडीचा मूळ ढाचा असा बदलता येत नाही, आणि नुसता रंग बदलला तरी आरसी बुकात नोंद लागते.

भाच्याला त्यांनी पहिलं काम दिलं ते डोळे मिटायचं. एका दरवाजावर पातळ फडकं ठेवून त्यावरून तळहात फिरवायला सांगितला. डोळ्यांना तो दरवाजा अगदी सपाट दिसत होता. फडक्याखालून मात्र दोन जागी खोलगट लागलं. आम्हीही हात फिरवून पाहिला. आम्हाला एकच सापडलं, आपांना दोन्ही. रोज भाकऱ्या थापणारा हात तो!

पोचा काढायचा तर मागून डॉली धरायची आणि कडेकडेनं हलक्या हातोडीनं आत यायचं. मधोमध जोरात हाणलं की पत्रा ताणतो, ढिला पडतो आणि दाबला की टकटक वाजतो. मग तेवढाच ठिपका तापवून ओल्या फडक्यानं विझवून पत्रा आवळावा लागतो. लांबी अगदी पातळ भरायची. जाड भरली की आज ना उद्या तडकणार. जुनी गाडी घेताना बारीक लोहचुंबक खिशात ठेवा, असं उस्तादांनी आम्हाला सांगितलं. पत्र्याला जिथं तो धरत नाही, तिथं आत लांबी थापलेली आहे असं समजायचं. नंतर अस्तर, त्यावर काळ्या रंगाचा उडता फवारा, आणि वॉटर पेपरनं घासकाम. काळं जिथं उरेल तिथं अजून खड्डा आहे. जुना लॅकर रंग जुलै-ऑगस्टात मारला की दुधासारखा पांढरा पडायचा, कारण थिनर भराभर उडून पत्रा गार होतो आणि हवेतला ओलावा त्यावर बसतो. मुंबईच्या पावसाळ्यात पेंटरची परीक्षा असायची ती इथंच.

अमेरिकेत जीन विनफिल्ड नावाचे एक कारागीर होते. एक रंग दुसऱ्यात असा विरघळवायचे की सांधा सापडायचा नाही. १९८२ च्या ‘ब्लेड रनर’ सिनेमातल्या गाड्या त्यांच्याच वर्कशॉपमध्ये झाल्या. २०२५ मध्ये ९७ व्या वर्षी ते वारले, आणि म्हातारपणीही तरुणांना पत्रा कापायला, जोडायला शिकवत राहिले. ही विद्या पुस्तकातून येत नाही, ती तिथंही उस्तादाच्या शेजारी उभं राहूनच घ्यावी लागते. भाचा हे ऐकून खूश झाला.

आपांचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. उस्ताद बोलता बोलता दोनदा थांबले होते, खोकल्यासाठी. गन हातात घेतली तेव्हा तोंडावर होता फक्त एक रुमाल. आपांनी सरळ विचारलं. उस्तादांनीही लपवलं नाही. इतकी वर्षं असंच मारलं, म्हणाले, तेव्हा कोण सांगणार?

आता जो टू-के रंग मारतात त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यानं दमा होतो, आणि एकदा जडला की थोड्याशा वासानंही उसळतो. रुमाल किंवा कापडी मास्क इथं कुचकामी. रसायनाची वाफ अडवणारा फिल्टरचा मास्क लागतो, बंद जागेत तर बाहेरून हवा पुरवणारा. जुन्या क्रोम पिवळ्या रंगात शिसं असायचं. तो कोरडा घासला की धूळ पोटात जाते, म्हणून पाणी लावून घासायचं, हात धुतल्याशिवाय घास उचलायचा नाही आणि कामाचे कपडे घरातल्या लहानग्यांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. कायदा चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवू देत नाही आणि अठरापर्यंत धोक्याच्या कामावर.

घासाघीस तासभर चालली. आपांच्या अटी अशा: आयटीआयमध्ये ऑटो बॉडी पेंटिंगचा वर्षभराचा कोर्स आहे, तो आधी, म्हणजे हातात कागद येईल. सुट्टीच्या दिवशी उस्तादांकडे. अठरा पूर्ण होईपर्यंत हातोडी आणि वॉटर पेपर, गनला हात नाही, आणि फवारा चालू असेल तेव्हा पोरगा गॅरेजच्या बाहेर. उस्ताद शेवटच्या अटीवर जरा कुरकुरले, मग हो म्हणाले. भाचा तोंड पाडून उभा होता.

घरी जाताना आपांनी मास्क घेतले, दोन. भाच्याचा अजून कपाटात आहे. उस्तादांचा त्यांच्या गॅरेजवर खिळ्याला टांगलेला असतो. भाचा येतो त्या दिवशी तो काढून त्यांच्या हातात देतो, तेव्हा ते घालतात. इतर दिवशीचं आम्हाला ठाऊक नाही.