एका गोलाच्या फरकाने

२५ मे २००३ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्सची गाठ डनफर्मलिनशी होती, आणि त्याच वेळी तिकडे किलमार्नॉकला सेल्टिक खेळत होता. स्कॉटिश फुटबॉल लीगचा शेवटचा दिवस; रेंजर्स आणि सेल्टिक दोघांचे गुण सारखे, गोलफरकही सारखा. नुसतं जिंकून भागणार नव्हतं, गोलांचा रतीब घालावा लागणार होता. रेंजर्सने तिसऱ्याच मिनिटाला गोल केला, डनफर्मलिनने लगेच बरोबरी साधली, मग कानिज्याने रेंजर्सला पुन्हा आघाडी मिळवून दिली. अर्ध्या तासाच्या सुमारास तिसरा गोल पडला, तो शोता आर्वेलाद्झेचा. तिकडे सेल्टिक ४-० ने जिंकला, पण त्यांनी एक पेनल्टी घालवली. इकडे ६-१. गुण दोघांचेही ९७, गोलफरक रेंजर्सचा ७३ आणि सेल्टिकचा ७२! लीग कप आधीच जिंकलेल्या रेंजर्सने आठवड्याभरात स्कॉटिश कपही पटकावला.

आर्वेलाद्झे मूळचा तिबिलिसीचा. जन्म २२ फेब्रुवारी १९७३. जुळा भाऊ अर्चिल आणि थोरला रेवाझ हे दोघेही फुटबॉलपटू. शोता आठ वर्षांचा असताना दिनामो तिबिलिसीने युरोपियन कप विनर्स कप जिंकला होता. त्या शहरातल्या पोरांना फुटबॉलचं वेड लागायला एवढं पुरेसं होतं. पण तो वयात येईपर्यंत सगळंच बदललं. सोव्हिएत संघ मोडला. १९९१-९२ च्या हिवाळ्यात तिबिलिसीच्या भर रस्त्यांवर गोळीबार चालू होता. आपल्या पायांवर पोट भरायचं तर देश सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

१९९३ मध्ये तो तुर्कस्तानात ट्रॅब्झोनस्पोरकडे गेला. ट्रॅब्झोन हे काळ्या समुद्राच्या काठचं शहर, जॉर्जियाच्या सरहद्दीपासून फार लांब नाही. अर्चिलही तिथे खेळला. १९९५-९६ च्या हंगामात शोताने २५ गोल करून लीगमध्ये सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. एवढं करूनही विजेतेपद हुकलं. हंगाम सरत आला असताना घरच्या मैदानावर फेनरबाहचेविरुद्ध ट्रॅब्झोनस्पोरने आघाडी घेतली आणि सामना १-२ असा गमावला. ती जखम त्या शहराने वर्षानुवर्षं जपली. पुढचं लीग विजेतेपद यायला २०२२ साल उजाडलं.

१९९७ मध्ये आयाक्स. पहिल्याच हंगामात डच लीग आणि डच कप अशी दोन्ही विजेतेपदं मिळाली. आयाक्सच्या आघाडीला जागा मिळवणं सोपं नसतं. तिथे चार वर्षं टिकलेल्या माणसाला नुसता 'गोल मारणारा' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. २००१ मध्ये तो ग्लासगोला आला, आणि २००५ मध्ये पुन्हा हॉलंडला, अल्कमारच्या एझेडकडे. तिथे लुई व्हान खाल प्रशिक्षक होते. २००६-०७ च्या शेवटच्या दिवशी एझेड गुणतक्त्यात अव्वल होता, समोर तळाकडचा एक्सेल्सियर, आणि एझेड २-३ ने हरला. पीएसव्हीने आयाक्सला एका गोलाच्या फरकाने मागे टाकून लीग जिंकली. चार वर्षांपूर्वी त्याच मापाने आर्वेलाद्झेच्या पदरात विजेतेपद पडलं होतं. पाठोपाठ डच कपची अंतिम लढतही एझेडने आयाक्सविरुद्ध पेनल्टींवर गमावली. त्यानंतर स्पेनमध्ये लेव्हान्तेकडे थोडा काळ, आणि २००८ मध्ये निवृत्ती.

मला खरी हळहळ वाटते ती त्याच्या राष्ट्रीय संघाबद्दल. ६१ सामन्यांत त्याने २६ गोल केले. स्वतंत्र जॉर्जियाच्या पहिल्याच पात्रता फेरीत, नोव्हेंबर १९९४ मध्ये, तिबिलिसीत वेल्सला ५-० ने धूळ चारली, त्यात केत्सबाया, किंक्लाद्झे यांच्यासोबत त्याचाही एक गोल होता. युरोपातल्या मातब्बर क्लबांमध्ये खेळणारी ही पिढी. मोठ्या स्पर्धेत मात्र एकदाही गेली नाही. जर्मनी, इटली, इंग्लंड असे संघ गटात पडत, आणि चाळीस लाखांच्या आसपास वस्तीच्या देशाकडे राखीव फळी कुठून असणार? मार्च २०२४ मध्ये ग्रीसला पेनल्टींवर हरवून जॉर्जिया पहिल्यांदा युरो स्पर्धेत पोहोचला आणि तिथे पोर्तुगालला २-० ने नमवलं, तेव्हा आर्वेलाद्झेला बूट उतरवून सोळा वर्षं झाली होती.

तोवर तो प्रशिक्षक झाला होता. कायसेरीस्पोर, कासिमपाशा, आपला जुना ट्रॅब्झोनस्पोर, मक्काबी तेल अवीव अशी भटकंती करत तो ताश्कंदच्या पाख्ताकोरकडे पोहोचला. २०१९ मध्ये पाख्ताकोरने उझबेकिस्तानची लीग, कप आणि लीग कप अशी तिन्ही विजेतेपदं त्याच्या हाताखाली जिंकली.