पिशवीबंदी आणि रोजचा किराणा

रविवारी आपल्या वसतिगृहात पालक भेटीस येतात, तेव्हा फाटकाशी उभे राहून त्यांच्या हातांकडे पाहावे. कोणाच्या हाती वायरची पिशवी असते, कोणाच्या हाती युरियाच्या पोत्याची शिवलेली, तर अनेकांच्या बोटांत पातळ कॅरीबॅग अडकलेली असते. तीत लेकरासाठी चिवडा, बिस्किटांचे पुडे, खोबरेल तेलाची बाटली. या तिसऱ्या पिशवीवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे आणि ती आणणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊकही आहे. तरीही ती त्यांच्या हाती का येते, आणि बंदीचा भार नेमका कोण उचलतो, हे माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे मांडावे असे आम्हांस वाटले.

प्रथम कायदा समजून घेऊ. 26 जुलै 2005 रोजी मुंबई पाण्याखाली गेली. नाले तुंबण्यास प्लॅस्टिक पिशव्याही कारणीभूत ठरल्याचे दिसले, आणि त्यानंतर राज्याने 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई केली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाडीचा एवढा आग्रह का, असा प्रश्न पडेल. पातळ पिशवी इतकी स्वस्त असते की दुकानदार ती फुकट देतो, आणि इतकी हलकी असते की कचरा वेचणाऱ्या बाईने दिवसभर गोळा केली तरी किलो भरत नाही. जिला भंगारात भाव नाही, ती कोणी उचलत नाही. मग ती नाल्यात जाते, नाहीतर गाईच्या पोटात. परंतु आठवडी बाजारात बसून मायक्रॉन मोजणार कोण? पुढे 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने जाडीचा प्रश्नच निकालात काढला आणि कॅरीबॅग सरसकट बंद केली. तीन महिन्यांच्या मुदतीनंतर, 23 जूनपासून, कारवाई सुरू झाली. दंड पहिल्या वेळी 5,000 रुपये, दुसऱ्या वेळी 10,000, तिसऱ्या वेळी 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. केंद्राने नंतर देशभरासाठी पिशवीची किमान जाडी 30 सप्टेंबर 2021 पासून 75 मायक्रॉन आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉन ठरविली.

मात्र 2018 च्या त्या अधिसूचनेतच एक दार उघडे होते. कारखान्यातच मालासोबत बंद होणाऱ्या वेष्टनाला तिने सूट दिली. वेफर्सची चकचकीत पुडी, शाम्पूची पुडी, यांत प्लॅस्टिकचे व धातूच्या पातळ पत्र्याचे थर एकमेकांस चिकटवलेले असतात. ते वेगळे करून पुन्हा वापरणे अतिशय अवघड, म्हणून भंगारवाला त्यांना हातही लावत नाही. साध्या कॅरीबॅगेपेक्षा हा कचरा अधिक चिवट, तरी तो कायदेशीर.

आता या कायद्यासमोर दोन ग्राहक उभे करा. पगारदार मनुष्य महिन्याची यादी घेऊन, स्कूटरला कापडी पिशवी अडकवून मोंढ्यात जातो. त्याला बंदीचा फारसा जाच होत नाही. वसमत-कळमनुरीकडे हळदीच्या हंगामात कामास जाणारी बाई पहाटे निघते ती फडक्यात भाकरी बांधून. संध्याकाळी मजुरी हाती पडते तेव्हाच तिला कळते की आज पावशेर साखर, अर्धा किलो तांदूळ आणि मूठभर मिरच्या घेता येतील. तिची खरेदी सुटी आणि रोजची, म्हणून पिशवीची गरजही रोजची. कापडी पिशवी विकत घ्यावी तर चहापत्तीचे पैसे जातात. दंडाच्या धास्तीने दुकानदार सुटा माल बांधून देण्यास कुरकुरतो आणि कंपनीची तयार पुडी पुढे करतो. सुट्या मालाची पिशवी गुन्हा ठरली. कंपनीच्या पुडीस कोणी विचारले नाही. 2018 च्याच जूनअखेरीस किराणा दुकानदारांना अटींसह काही सवलत मिळाली खरी, पण रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवालीपर्यंत ती पोचली असे आम्हांस आढळले नाही.

‘पूर्वी लोक घरून पिशवी नेत नव्हते का?’ असे पुष्कळ जण विचारतात. नेत होते. परंतु आम्ही इतिहासाचे विद्यार्थी, म्हणून या ‘पूर्वी’कडे जरा सावधपणे पाहतो. आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आठवण अशी, की दुकानाच्या पायरीखाली धडपा पसरून उभे राहायचे आणि दुकानदार वरून, स्पर्श होणार नाही अशा बेताने, त्यात धान्य टाकायचा. पैसेही खाली ठेवावे लागत. पुढे सर्वांना एकसारखी पिशवी, हातातून हातात, मिळू लागली, तेव्हा त्या पिढीला ती कचरा वाटली नाही. याचा अर्थ ती निर्दोष असा नव्हे. पण जुन्या बाजाराची आठवण सर्वांना सारखीच गोड आहे, असे समजून कोणी उपदेश करू नये.

कचऱ्याची बाजूही पाहावी. तो वेचणारी माणसे बहुतांशी आपल्याच समाजांतली आहेत. 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून पुण्या-मुंबईस गेलेल्यांपैकी अनेकांच्या हाती हेच काम आले. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तिच्यामागे या कष्टाची कहाणी आहे. प्लॅस्टिक घाण आहे हे त्यांना कोणी शिकवायला नको. आपणही जरा आरशात पाहावे: 14 एप्रिलच्या मिरवणुकीनंतर रस्त्यावर उरणारे पाण्याचे पाऊच सकाळी कोण गोळा करते?

बाजारातल्या काही व्यावहारिक गोष्टी. कापडासारखी दिसणारी रंगीत, मऊ पिशवी बहुधा कापडाची नसून पॉलीप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची असते. तिचा धागा जाळला तर तो वितळून मणी होतो, सुती धाग्याची राख होते. वर्तमानपत्रात भजी किंवा शिजवलेले अन्न बांधून घेऊ नये, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये तसा इशारा दिला आहे. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून साठवल्या तर भंगारात जातात. पोत्याची पिशवी प्लॅस्टिकचीच, पण आमच्या माहितीतल्या एका घरात ती बारा वर्षे दळणास जाते आहे.

गेल्या वर्षी नववीच्या मुलांनी विद्यालयाच्या आवारातील एका आठवड्याचा कचरा निवडून वेगळा केला. कॅरीबॅगा अपेक्षेहून थोड्या निघाल्या. खरा ढीग झाला तो पुड्यांचा. भंगारवाल्याने दूधपिशव्या आणि बाटल्या तोलून घेतल्या, पुड्या परत दिल्या. उत्पादकाने आपला कचरा परत घ्यावा असे 2016 चे नियम सांगतात, म्हणून मुलांनी पुड्यांवर छापलेल्या पत्त्यांवर पत्रे लिहिली. उत्तर अद्याप आलेले नाही, आणि ते पोते प्रयोगशाळेमागे तसेच पडून आहे.