ओठावरचा व्रण

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या रखरखीत खोऱ्यांत इसवी सन 100 ते 800 च्या सुमारास मोचे संस्कृती नांदली. तिला लिपी नव्हती. एकाही राजाचं नाव मागे उरलं नाही. उरले ते मातीच्या भांड्यांवर घडवलेले चेहरे. साच्यातून काढून भाजलेली, तांबड्या नि पिवळट पांढऱ्या रंगांची, माणसाच्या डोक्याच्या आकाराची ही भांडी. माथ्यावर रिकिबीसारखी वळलेली पोकळ नळी.

1899 मध्ये पुरातत्त्वज्ञ माक्स उले यांनी मोचे खोऱ्यात उत्खनन केलं. 1926 मध्ये राफाएल लार्को यांनी चिक्लिनच्या ऊसमळ्यावर संग्रहालय उभारलं. भांड्यांच्या माथ्यावरच्या नळीची घडण कशी बदलत गेली हे न्याहाळून त्यांनी 1948 मध्ये मोचे काळाचे पाच टप्पे पाडले. चेहऱ्यांची कला चौथ्या टप्प्यात बहरली आणि पाचव्यात लोपली.

हे चेहरे जवळजवळ सगळे प्रौढ पुरुषांचे आहेत. डोईवरची वस्त्रं, कानांतली जाड भूषणं, गालांवरचे रंगीत पट्टे यांतून माणसाचा मान कळावा, अशी ती मांडणी. 1987 मध्ये वॉल्टर आल्वा यांनी सिपानची कबर उघडली. मातीत घडवलेला थाट तिथे सोन्यात आणि नीलहरित खड्यांत, एका सत्ताधीशाच्या सांगाड्यावर सापडला.

1995 पासून मोचे खोऱ्यातल्या चंद्राच्या पिरॅमिडाच्या आवारात मात्र त्या थाटाची दुसरी बाजू उघड झाली. बळी दिलेल्या पुरुषांच्या हाडांसोबत, मुद्दाम फोडलेल्या मातीच्या मूर्ती निघाल्या: नग्न बंदिवान, गळ्यात दोर. मोच्यांच्या लेखी पराभव म्हणजे आधी अंगावरचं सगळं उतरवलं जाणं.

संशोधक क्रिस्टोफर डॉनन यांनी नऊशेहून अधिक चेहरे एकमेकांशी ताडून पाहिले आणि 2004 मध्ये पुस्तक लिहिलं. त्या चेहऱ्यांत ओठावर व्रण असलेला एक माणूस चाळीसहून अधिक भांड्यांवर भेटतो: सुमारे दहा वर्षांच्या पोरापासून तिशी ओलांडलेल्या पुरुषापर्यंत. भांड्यागणिक त्याचं शिरोवस्त्र बदलतं, कानातलं बदलतं. ज्यांच्या प्रतिमा अशा हौसेने घडल्या, त्यांतले काही पुढे दोर बांधलेल्या बंदिवानांच्या रूपातही दिसतात.

शंभर वर्षं आपण या भांड्यांवर राजे शोधले, ते दागिन्यांवरून. पण हा माणूस पोरपणापासून पुन्हा पुन्हा सापडला तो त्या व्रणावरून. मान देणारी प्रत्येक वस्तू उतरवता येत होती; व्रण तेवढा त्याचा स्वतःचा होता, आणि कुंभाराने तो लपवला नाही.