गोबरे गाल कमी करायचेत? गालातली ‘ती’ चरबी परत येत नाही

बडोदा : लग्नसराई जवळ आली की फोटोत चेहरा कसा दिसेल याची काळजी सुरू होते. गाल आत जावेत, जबड्याची रेष उठून दिसावी म्हणून केली जाणारी ‘बकल फॅट रिमूव्हल’ ही शस्त्रक्रिया २०२२ च्या अखेरीस हॉलिवूडच्या तारकांमुळे सोशल मीडियावर गाजली. आता बडोद्यासारख्या शहरातही ती होते. खान्देशातून दवाखान्यासाठी सुरत-बडोदा गाठणं नवं नाही, त्यामुळे हा विषय सीमेअलीकडच्या घरांतही पोचलाय.

गालात चावण्याचा स्नायू आणि आतला पातळ स्नायू यांच्या मधे चरबीची एक गादी असते. पूर्वी तिला ग्रंथी समजत. ती चरबी आहे हे सुमारे २०० वर्षांपूर्वी फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ बिशा यांनी दाखवलं. तान्ह्या बाळाला दूध ओढताना गाल आत ओढले जाऊ नयेत, हे तिचं काम. मोठेपणीही ती स्नायूंना घसरायला मदत करते. जिम लावून वजन उतरलं तरी ती फारशी घटत नाही, म्हणून बारीक माणसाचेही गाल भरलेले दिसतात.

ऑपरेशन तसं छोटं. तोंडाच्या आतून, वरच्या दाढांजवळ एक-दोन सेंटिमीटरची चीर देऊन चरबीचा काही भाग काढतात. बाहेर व्रण राहत नाही. पण ‘छोटं’ म्हणजे ‘सोपं’ नव्हे. लाळेची नळी तिथेच, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते आणि ओठ हलवणाऱ्या नसेच्या फांद्याही तिथूनच जातात. त्यांना धक्का लागला तर गालात लाळ साठते किंवा ओठ वाकडा हलतो. दोन्ही गाल सारखे न होणं, जंतुसंसर्ग, रक्त साठणं हे धोके वेगळेच. सूज उतरून खरा आकार दिसायला काही महिने जातात.

मोठा प्रश्न मात्र वयाचा आहे. वय वाढतं तशी चेहऱ्यावरची चरबी आपोआप कमी होते. पंचविशीत छान दिसलेला चेहरा पुढे खप्पड दिसू शकतो, मग तीच जागा भरायला पुन्हा खर्च.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे, ती क्लिनिकच्या जाहिरातीत नसते. गुटखा, सुपारीमुळे तोंड उघडेनासं होतं, तेव्हा सर्जन आतले घट्ट पट्टे कापतात आणि उघड्या जखमेवर अनेकदा हीच चरबी ओढून बसवतात. तिच्यावर साधारण महिनाभरात नवी त्वचा धरते. तोंडाच्या कॅन्सरनंतरची छोटी जखमही अशी झाकता येते. महाराष्ट्र आणि गुजरात दोन्हीकडे २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. बंदी किती पाळली जाते ते टपरीवर दिसतंच! सुपारी खाणाऱ्याने ही चरबी काढून टाकली, तर पुढे हा पर्याय हाताशी राहीलच असं नाही.

शिवाय गाल फुगलेले दिसण्याचं कारण दरवेळी ही चरबी नसते. सतत चावून स्नायू वाढलेला असतो, लाळग्रंथी सुजलेली असते, नाहीतर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा गोल झालेला असतो. अशांना या ऑपरेशनचा उपयोग नाही. त्यामुळे आधी तपासणी कोण करतंय, प्लास्टिक सर्जन किंवा मुख-जबड्याचा सर्जन आहे का, हे विचारावं. केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा सहसा मिळत नाही, वर जीएसटीही लागतो. तेव्हा अंदाजपत्रक लेखीच मागावं.